कड्याच्या बाजूचा पहारा

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. गडावर जाणारा रज्जुमार्ग १९९६ पासून याच वाडीतून वर चढतो आणि पाळण्यात बसलेला प्रवासी काही मिनिटांत माथ्यावर पोहोचतो. जिच्या नावाने ही वाडी ओळखली जाते ती बाई मात्र त्याच गडाच्या कड्यावरून रात्री खाली उतरली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गवळण दूध घालण्यास वर गेली; सूर्यास्ताबरोबर दरवाजे मिटले; घरी तान्हे मूल. पहारेकरी दरवाजा उघडीना, तेव्हा जिकडे दरवाजाच नाही त्या अंगाने ती उतरली. महाराजांच्या कानी हे गेले तेव्हा त्यांनी तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधविला. तोच हिरकणीचा बुरूज.

ही आख्यायिका आहे आणि आख्यायिकेस कागदपत्रांचा पुरावा मागत बसण्यात अर्थ नाही. आम्हांस तिच्यातील शेवटचा भाग, म्हणजे बुरूज बांधविल्याचा, विशेष विचार करण्याजोगा वाटतो. आईच्या धैर्याचे कौतुक सगळेच करतात. परंतु गडाच्या धन्याने त्याच घटनेकडे आणखी एका नजरेने पाहिले. जिथून एक बाई अंधारात उतरू शकते, तिथून उद्या गनीम चढू शकेल. महादरवाजावर चौकी होती, अडसर होते, रात्रीचा पहारा होता. कड्याकडे यांपैकी काही नव्हते. कारण कडा हाच पहारा, असा सर्वांचा भरवसा. गडाची उघडी बाजू ती निघाली.

आजचा विषय ख्रिस्ती जीवनातील जागृतीचा आहे. मनुष्याने आत्म्याने जागे राहावे आणि पापाला आत येऊ देऊ नये, हा उपदेश ख्रिस्ती धर्मात फार जुना आहे. तो समजावून सांगण्यास ख्रिस्ती पंडितांनी शतकानुशतके किल्ल्याचाच दाखला घेतला, हे आपल्यासारख्या किल्ल्यांच्या मुलखातील लोकांनी ऐकण्यासारखे आहे. स्पेनमधील इग्नाशियस लोयोला हा मूळचा शिपाईगडी. १५२१ साली पांपलोनाचा किल्ला लढवीत असता तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या संतचरित्रे वाचून त्याचे आयुष्य पालटले. पुढे त्याने साधकांसाठी आध्यात्मिक साधनेचे एक लहानसे पुस्तक रचले. ते १५४८ मध्ये छापले गेले. त्यात तो सांगतो की, आपला वैरी एखाद्या सेनापतीसारखा असतो. तो किल्ल्याभोवती तळ देतो, तटबंदी न्याहाळतो, आणि जिथे ती सर्वांत कच्ची असेल तिथे हल्ला चढवितो. ज्याने स्वतः तटावर उभे राहून गोळा खाल्ला, त्याला हे कोणी शिकवावे लागले नसेल.

इग्नाशियसने स्थापन केलेल्या येशूसंघातील एक इंग्रज, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यास आला. त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे ते छापविले. मराठी भाषेची त्याने केलेली थोरवी आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. संघातील प्रत्येकाप्रमाणे तोही याच साधनेतून गेलेला होता, हे मात्र आपल्या ध्यानात क्वचितच येते. म्हणजे किल्ल्याचा हा दाखला मनात बाळगणारा मनुष्य शिवरायांच्या जन्मापूर्वीच ओवी लिहीत सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगास बसला होता.

आता पाप म्हणजे काय ते पाहू. हा शब्द उच्चारताच आपल्या मनात कृत्यांची यादी उभी राहते: चोरी, व्यभिचार, खून, खोटी साक्ष. ख्रिस्ती विचार ही यादी नाकारीत नाही, पण तो तेवढ्यावर थांबत नाही. नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द नेहमी येतो त्याचा मूळ अर्थ नेम चुकणे असा आहे. बाण सुटला, जोरातही सुटला, पण जिथे लागावयाचा तिथे लागला नाही. मनुष्य ईश्वराकडे व शेजाऱ्याकडे प्रेमाने जाण्यासाठी घडविलेला आहे. तो स्वतःकडेच वळला, की नेम चुकला. या व्याख्येमुळे फार मोठा फरक पडतो. बाहेरून निष्पाप दिसणारा, किंबहुना पुण्यवान दिसणारा मनुष्यही आतून नेम चुकलेला असू शकतो.

दुसरी गोष्ट, मोह होणे म्हणजे पाप होणे नव्हे. हा भेद ख्रिस्ती धर्मात अगदी मूलभूत आहे. कारण चाळीस दिवसांच्या उपवासानंतर रानात स्वतः ख्रिस्तालाही मोह घातला गेला, असे शुभवर्तमान सांगते. सातव्या शतकात सीनाय पर्वतावर राहणाऱ्या योहान नावाच्या मठाधिपतीने या मार्गाचे टप्पे फार बारकाईने पाहून ठेविले आहेत. प्रथम विचार नुसता डोकावतो. त्यात मनुष्याचा दोष नाही. मग मनुष्य त्याच्याशी बोलू लागतो, त्याचे म्हणणे काय ते ऐकून घेतो. पुढे होकार येतो, मग त्याची पकड बसते, आणि अखेर त्या विचाराचे मनात घर होते. योहान म्हणतो ते थोडक्यात असे, की लढाई सोपी असते ती डोकावण्याच्या वेळी. उंबऱ्यावर आलेल्यास दारातूनच परत धाडणे हे, त्याला ओसरीवर बसवून, पानसुपारी देऊन, मग निघा म्हणण्यापेक्षा पुष्कळ सोपे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी नको असलेले पाहुणे येतात त्यांस हे वेगळे सांगणे नलगे!

या मंडळींपूर्वी, चौथ्या शतकात, मिसर देशाच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक तापसी होऊन गेला. त्याने माणसाला घेरणारे आठ विचार सांगितले. पुढे रोमच्या ग्रेगरीने सहाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची फेरमांडणी करून सात केले, तीच पाश्चात्त्यांची सुप्रसिद्ध सात पापे. त्या आठांत खादाडपणा, काम, लोभ, राग, गर्व ही आपली नेहमीची ओळखीची मंडळी आहेतच. पण एक विचार असा आहे की त्यास मराठीत नेमका शब्द सापडत नाही. आळस म्हणावे तर तो आळस नव्हे, उदासी म्हणावे तर तीही नव्हे. एव्हाग्रियस त्याला दुपारचा भूत म्हणतो. भर दुपारी तो साधकावर येतो. सूर्य हलतच नाही असे वाटते. साधक पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, कोणी येते आहे का ते पाहतो. ही जागा वाईट, इथले लोक प्रेमळ नाहीत, दुसऱ्या गावी गेलो असतो तर साधना चांगली झाली असती, असे त्यास वाटू लागते. तो काही वाईट करीत नाही. फक्त हातातले काम त्याला नकोसे होते. सोळा शतकांपूर्वीचे हे वर्णन वाचून आमच्या एका कचेरीतील स्नेह्यांनी विचारले, ‘हा गृहस्थ आमच्या खात्यात होता काय?’ दुपारी तीनला जो हात आपोआप खिशातील फोनकडे जातो, तो त्याच खिडकीशी जाणारा हात आहे. झोप ती हीच. डोळे उघडे, आणि मन आपल्या जागेवर नाही.

ख्रिस्ताच्या चरित्रातील गेथसेमने बागेचा प्रसंग या संदर्भात कळीचा आहे. अटकेच्या रात्री ख्रिस्त प्रार्थनेस बसला आणि त्याने तिघा शिष्यांना जवळ जागत राहण्यास सांगितले. ते तिन्ही वेळा झोपले. त्यांच्यापैकी पेत्र हा शूर. त्याच संध्याकाळी, बाकी सगळे पळाले तरी मी पळणार नाही, असे तो सांगून चुकला होता; शिपाई आले तेव्हा त्याने तलवारही उपसली. आणि काही घटकांतच, महायाजकाच्या अंगणात शेकोटीजवळ उभा असता, एका दासीने विचारल्याबरोबर त्याने आपल्या गुरूची ओळख नाकारली. एकदा नव्हे, तीनदा. तलवारींपुढे न भ्यालेला मनुष्य मोलकरणीच्या प्रश्नाला भ्याला. पेत्राचा कडा त्याचे धैर्य हा होता. तिथे चौकीची गरज त्याला वाटली नाही, म्हणून तिथून चढाई झाली. क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे: आधी झोप, नंतर पतन. अंगणात जे घडले त्याची तयारी बागेत झाली होती.

महाडकरांना या क्रमाचे एक फार दुःखद उदाहरण ठाऊक आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला पूर आला आणि मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या व त्यांतील माणसे त्या काळोखात गेली. पूल त्या रात्री पडला. परंतु तो त्या एकाच रात्रीत अशक्त झाला, असे कोणी म्हणणार नाही. आदल्या दिवशीही त्यावरून वाहतूक चालली होती, आणि वाहतूक चालली आहे हाच तो धड असल्याचा पुरावा सर्वांना वाटत होता. मनुष्याच्या चारित्र्याबद्दल आपली समजूत बहुधा अशीच असते. त्या रात्री पुलाजवळच्या एका जागत्या माणसाने पुढची वाहने थांबविली, असे वृत्तपत्रांत आले होते. त्याने केले ते एवढेच, की आवाज ऐकला आणि तो उठून रस्त्यावर आला.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती चरित्रांत या विषयाची साक्ष विपुल आहे. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. सामान्यतः आपण समजतो की, धर्म स्वीकारला म्हणजे जागृती झाली. रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत याच्या उलट सांगितले. आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ज्याच्यामुळे तो धर्म आहे तो ख्रिस्त सापडावयास पुढे आठ वर्षे लागली, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य. या आठ वर्षांत त्या काही स्वस्थ बसल्या नव्हत्या. अमेरिकेचा दौरा, पुस्तके, १८८९ मध्ये मुंबईस शारदासदनाची स्थापना, सारे याच काळातले. सत्कार्यात बुडालेली, देशभर नाव झालेली बाई स्वतःविषयी म्हणते की मी अजून पोहोचले नव्हते. आपले सत्कार्य हाच आपला कडा, हे ज्यांना कळते ते थोडे.

केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी काही मुलींचा गट जमविला. सहा महिन्यांत तो कैक पटींनी वाढला आणि जूनअखेर तिथे जी जागृती झाली तिची वार्ता जगभर गेली. मुली मोठ्याने रडत आपले अपराध सांगू लागल्या, रात्ररात्र प्रार्थना चालल्या. अशा भावनेच्या लाटेविषयी शंका घेणारे तेव्हाही होते, आजही असतील, आणि लाट ही केवळ लाट म्हणून आम्हीही फार मोलाची मानीत नाही. आम्हांस मोल वाटते ते पुढच्या काळाचे. त्याच मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. आणि रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साऱ्या बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत बसल्या. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. जागरण एका रात्रीचे असते. हे काम पंधरा-सोळा वर्षांच्या दुपारींचे होते, आणि एव्हाग्रियसचा भूत कोणत्या वेळी येतो ते वर सांगितलेच आहे.

दुसरी साक्ष लक्ष्मीबाई टिळकांची. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या वर्षांत त्या सोवळे-ओवळे कसोशीने पाळीत होत्या. जात ही देवाची की माणसाची, हा विचार त्यांच्या मनात पक्का होऊन त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरविले, तो वृत्तान्त ‘स्मृतिचित्रे’त आहे. तो वाचताना आपल्या ध्यानात येते की, येथे पाप दाराने आले नव्हते. ते सोवळे नेसून, पुण्याच्या जागी बसले होते. ज्या गावी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहस्रावधी माणसांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्या महाडास हे उलगडून सांगण्याचे प्रयोजन नाही. तळे अडविणारी माणसे स्वतःला पापी समजत नव्हती. त्यांतील कित्येक घरी नेमाने पूजाअर्चा करणारी असतील. आणि ख्रिस्ती समाजाने येथे स्वतःची पाठ थोपटू नये. बाप्तिस्म्याच्या पाण्यानंतरही सोयरीक जुळविताना जुनी जात विचारणारी घरे त्या समाजात राहिली, ही गोष्ट त्या समाजातील विचारी माणसेच खंत करून सांगतात.

त्याच पुस्तकात लक्ष्मीबाईंनी टिळकांचा तापट स्वभावही लपविलेला नाही. भक्तिरसाने ओथंबलेली पदे लिहिणारा हा कवी घरात क्षणात भडकत असे. यामुळे टिळक लहान ठरतात असे आम्हांस वाटत नाही. उलट, साधुत्व म्हणजे तट पुरा बांधून झालेला किल्ला नव्हे, हे त्यामुळे कळते.

मग जागे राहावयाचे म्हणजे प्रत्यक्षात काय करावयाचे? इग्नाशियसची पद्धत व्यापाऱ्याला पटण्यासारखी आहे. दुपारी एकदा व रात्री एकदा, अशी दिवसातून दोनदा मनाची तपासणी करावी. सर्व दोषांशी एकदम झुंजू नये. एकच दोष धरावा. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी कागदावर दोन रेघा ओढाव्या, एक दुपारपर्यंतची व एक रात्रीपर्यंतची, आणि जितक्या वेळा चुकलो तितके ठिपके त्यावर द्यावे. मग काल आणि आज, हा आठवडा आणि मागचा, असे ताडून पाहावे. महाडच्या बाजारपेठेत रोजकीर्द लिहिल्याविना दिवा मालविणारा दुकानदार नसेल. फक्त एक भेद सांगितला पाहिजे. या तपासणीचा आरंभ चुकांपासून होत नाही; आज काय काय मिळाले त्याबद्दल ईश्वराचे आभार मानण्यापासून होतो. जमेची बाजू आधी, नावेची नंतर.

हा क्रम सहज म्हणून ठेविलेला नाही. इग्नाशियस स्वतः मान्रेसा गावी साधना करीत असता अशा एका अवस्थेत सापडला की, आपले कोणते तरी पाप कबूल करावयाचे राहिले आहे ही शंका त्याला सोडीना. पुन्हा पुन्हा तो पापनिवेदन करी, पुन्हा शंका येई. जीव द्यावा असेही त्याच्या मनात येऊन गेले. हीदेखील एक प्रकारची जागच आहे, पण ती रोग्याची जाग. पानाच्या सळसळीला गनीम समजून रात्रभर तोफा डागणारा पहारेकरी सकाळी निकामी झालेला असतो. मनाची तपासणी करताना भीती वाढत असेल आणि प्रेम आटत असेल, तर ती तपासणी बिघडली आहे असे अनुभवी गुरू सांगतात; आणि अशा वेळी एकट्याने न झुंजता जाणत्याकडे, प्रसंगी वैद्याकडेही जावे.

एकट्याने न झुंजणे ही तर या साधनेची मोठीच अट आहे. इग्नाशियस आणखी एक दाखला देतो. मोह हा एखाद्या लबाड प्रियकरासारखा असतो. भल्या घरच्या मुलीला तो पहिली ताकीद कोणती देतो, तर घरी सांगू नकोस. घरी कळले की त्याचा डाव संपतो. म्हणून कॅथॉलिक पंथात धर्मगुरूपाशी पापनिवेदन आहे, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांत विश्वासू बंधुभगिनींपाशी मन उघडे करण्याचा परिपाठ आहे. कर्ज, दारू, जुगार यांत बुडालेल्या माणसाच्या घरी विचारा; बुडण्याचे खरे काम कोणाला न सांगण्याच्या वर्षांतच झालेले आढळेल.

येथे आपल्यापैकी कोणी म्हणेल, हे सर्व आमच्याकडे आहेच. तुकोबांनी मनाशी चाललेले युद्ध रात्रंदिवसाचे सांगितले. देवीचा जागर आहे, काकडआरती आहे. कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी कोण जागे आहे असे विचारीत फिरते, आणि हिरकणी उतरली ती रात्रही काहीजण कोजागिरीचीच सांगतात. हे खरे आहे, आणि या साम्याचा आम्हांस आनंदच वाटतो. ख्रिस्ती विचाराचा विशेष मात्र एका ठिकाणी स्पष्ट दिसतो. पहारा मनुष्याने करावयाचा, पण गड त्याच्या पहाऱ्यावर उभा नाही, असे तो मानतो. स्तोत्रकर्ता सांगतो की, इस्राएलाला राखणारा कधी डुलकी घेत नाही. आणि नगर जर प्रभूच राखीत नसेल तर चौकीदाराचे जागरण वाया आहे. गेथसेमनेत तिघे झोपले, तेव्हाही एकजण जागा होता. आपण झोपलो असता दुसरा कोणी आपल्यासाठी जागला, या जाणिवेला ख्रिस्ती लोक कृपा म्हणतात. ती नसेल तर सगळी साधना अहंकाराच्या खात्यावर जमा होते.

म्हणूनच हिरकणीकडे पुन्हा एकदा, या खेपेस आईच्या बाजूने पाहावेसे वाटते. त्या रात्री गडावर पहारेकरीही जागे होते. ती त्यांची नोकरी होती. हिरकणीला कोणी जागण्याचा हुकूम दिला नव्हता. तिला झोप आली नाही कारण खाली मूल होते. ख्रिस्ती साधनेत पापाचा प्रतिकार भीतीने करावयाचा असता, तर पेत्राची कथा त्या शेकोटीपाशीच संपली असती. ती तशी संपत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी पुन्हा एक शेकोटी आहे, सरोवराच्या काठी, पहाटेची. पुनरुत्थित ख्रिस्ताने शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासे भाजून ठेविले आहेत. न्याहरी झाल्यावर तो पेत्राला बाजूस घेतो. का झोपलास, असे विचारीत नाही. का नाकारलेस, असेही नाही. यापुढे सावध राहशील ना, असेसुद्धा नाही. माझ्यावर तुझी प्रीती आहे काय, एवढेच तो विचारतो, आणि जितक्या वेळा नकार झाला तितक्याच वेळा विचारतो. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटते. मग त्याला मेंढरे राखण्याचे काम सोपवून दिले जाते.